पंपावरून उतरलेल्या प्लेटलेट्स : आकडा चांगला, मग रक्त का थांबत नाही?

पंपवाला
शनिवार, रात्री १०:४०

दुसऱ्या एका धाग्यावर परवा एकांनी लिहिलं होतं, "वडिलांच्या बायपासनंतर प्लेटलेट्स १,७०,००० होत्या. तरी छातीत ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून रक्त येतच राहिलं आणि रात्री परत थिएटरात न्यावं लागलं. आकडा चांगला होता तर रक्त थांबलं का नाही? काहीतरी लपवताहेत." तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी परफ्युजनिस्ट आहे. लग्नासाठी मुली बघायला जायचो तेव्हा एका घरी "म्हणजे अत्तराचा धंदा का?" असं विचारलं होतं, त्यामुळे समजावून सांगायची सवय आहे. हृदयाचं ऑपरेशन चालू असताना बहुतेक वेळा हृदय थांबवलेलं असतं, फुप्फुसंही शांत असतात. तेवढा वेळ रक्त फिरवायचं, त्यात ऑक्सिजन घालायचा, कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा, हे करणारं यंत्र मी चालवतो. पुस्तकात हार्ट-लंग मशीन, थिएटरात नुसता 'पंप'. पेशंट पंपावर जातो, पंपावरून उतरतो. सर्जनला सगळे ओळखतात, भूल देणारे निदान सही घेताना तरी भेटतात. आमचं तोंड नातेवाइकांना कधी दिसतच नाही.

आता प्लेटलेट्स. शाळेत 'रक्तपट्टिका' म्हणून पाठ केलेला शब्द दहावीनंतर कोणाला आठवत नव्हता, तो डेंग्यूने घरोघरी पोचवला. पावसाळा संपता संपता सोसायटीच्या ग्रुपवर "चाळीस हजारांवर आल्यात" असं कोणी टाकलं की कशाचे चाळीस हजार हे विचारावं लागत नाही. पण त्याबरोबर आपल्याला फक्त आकडा बघायची सवय लागली. पंपानंतर ही सवय हमखास दगा देते.

प्लेटलेट ही धड पेशीसुद्धा नसते. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अजस्र पेशीचे हे तुकडे. केंद्रक नाही, रुंदी २-३ मायक्रॉन, आयुष्य ७ ते १० दिवस. स्वभाव एकच: रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखेरीज दुसरं काही समोर आलं की संशय घ्यायचा आणि चिकटायचं. कापलं, खरचटलं की हाच संशय आपल्याला वाचवतो. आणि मी काय करतो? या संशयी मंडळींना दोन-तीन तास प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरवतो.

पंप सुरू व्हायच्या आधी नळ्या, रिझर्व्हॉयर, ऑक्सिजनेटर हे सगळं सलाईनसारख्या द्रावणाने भरून घ्यावं लागतं. त्याला प्राइम म्हणतात. मोठ्या माणसाला साधारण एक ते दीड लिटर. माणसाचं स्वतःचं रक्त पाच लिटर. पाहुणे वाढले की आमटीत पाणी, तसंच. पहिल्या काही मिनिटांतच आकडा जवळपास एक पंचमांशाने उतरतो आणि यात एकही प्लेटलेट मेलेली नसते.

खरी गंमत त्यानंतर. ऑक्सिजनेटर म्हणजे केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचा गठ्ठा. त्यांचा पृष्ठभाग सगळा उलगडून पसरला तर एका चटईएवढा भरेल, दोन चौरस मीटरच्या आसपास. रक्त या चटईला लागलं की काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं तिच्यावर बसतात. त्यांत फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून गुठळीचे फायब्रिन नावाचे धागे बनतात ते प्रथिन, आलं, आणि प्लेटलेटच्या अंगावर फायब्रिनोजेन पकडायचे हूक असतातच. काही प्लेटलेट्स कायमच्या चिकटतात. काही चिकटून सुटतात, पण सुटताना त्यांनी पोटातल्या पिशव्या मोकळ्या केलेल्या असतात. या पिशव्यांमध्ये दुसऱ्या प्लेटलेट्सना हाका मारणारी रसायनं भरलेली असतात. जखमेच्या जागी ओतायचा माल नळीतच ओतून झाला. पंढरपूर अजून लांब आहे आणि शिदोरी दिवेघाटातच संपली, अशा वारकऱ्यासारखी त्यांची गत होते. अशी प्लेटलेट लॅबच्या मशीनमध्ये गेली तर 'एक' म्हणूनच मोजली जाते. मशीन शिदोरी उघडून बघत नाही.

त्यात थंडी. शरीर ३२-३४ अंशांपर्यंत, काही ऑपरेशनांत २८ पर्यंत, आणि महाधमनीच्या कमानीची मोठी कामं असतील तर १८-२० पर्यंतही गार केलं जातं. गारठलेली प्लेटलेट आळशी होते. हा परिणाम बराचसा उलटतो, पण आधी माणूस आतून गरम व्हावा लागतो.

माझ्या मते मात्र सगळ्यांत मोठा चोर वेगळाच आहे, सकर. छातीत साठलेलं रक्त वाया जाऊ नये म्हणून ते शोषून परत पंपात घेतात. ते रक्त हवेत घुसळलेलं असतं, कापलेल्या ऊतींना, चरबीला, हृदयाच्या आवरणाला लागून आलेलं असतं. गोठण्याची प्रक्रिया पेटवणारे घटक त्यात खच्चून भरलेले असतात. असं रक्त परत पेशंटला देणं म्हणजे विझत आलेल्या चुलीत फुंकर. म्हणून अनुभवी टीम सकर जपून वापरते, किंवा ते रक्त सेल सेव्हर नावाच्या मशीनमध्ये धुऊन घेते. पण धुतलं की लाल पेशी तेवढ्या परत येतात. प्लेटलेट्स आणि गोठवणारे घटक धुण्याच्या पाण्याबरोबर गेले. इकडे आड तिकडे विहीर.

१,७०,०००चं कोडं असं आहे. आता विचारा. उद्या केस नाही, जागा आहे.

शेवगा
शनिवार, रात्री ११:०५

वारकऱ्याची उपमा आवडली. एक बाळबोध शंका: पंपावर घ्यायच्या आधी हेपॅरिन देऊन रक्त पातळ करतात ना? मग प्लेटलेट्स चिकटतातच कशा?

पंपवाला
शनिवार, रात्री ११:२५

बाळबोध अजिबात नाही.

किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन देतो. मग एसीटी नावाची चाचणी करतो, म्हणजे रक्त नळीत किती सेकंदांत गोठतं ते बघणं. तुमचं-माझं रक्त तिथे दोन मिनिटांच्या आसपास गोठतं. आम्ही सहसा ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप सुरू करत नाही. हेपॅरिन रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाला हाताशी धरून थ्रॉम्बिनला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या मुख्य घटकाला, आणि त्याच्या आधीच्या एका घटकाला बांधून टाकतं. पण प्लेटलेटचा हूक आणि चटईवरचं फायब्रिनोजेन यांच्यात हेपॅरिन येत नाही. उलट ते स्वतः प्लेटलेटला थोडं डिवचतं, असंही दिसलेलं आहे. आणि थ्रॉम्बिनसुद्धा शंभर टक्के बांधलं जात नाही, पंपावर ते थोडं थोडं तयार होतच राहतं.

हेपॅरिन कमी पडलं तर काय होतं ते यंत्राच्या पहिल्या यशस्वी ऑपरेशनच्याच दिवशी दिसलं होतं. ६ मे १९५३, फिलाडेल्फिया. जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक यंत्राच्या आधाराने शिवलं. हृदयाचं पूर्ण काम यंत्राने २६ मिनिटं केलं. त्यांच्या ऑक्सिजनेटरमध्ये उभ्या जाळ्यांवरून रक्ताचा पातळ पडदा वाहायचा. त्या जाळ्यांवर फायब्रिन साचायला लागलं. तरी मुलगी वाचली. त्यानंतरचे पेशंट मात्र दगावले आणि गिबन यांनी ते काम सोडून दिलं. वीस वर्षं एका यंत्रामागे घालवलेला माणूस. मला गिबनबद्दल नेहमी वाईट वाटतं.

रत्नांग्रीकर
शनिवार, रात्री ११:३१

काम झाल्यावर हेपॅरिन उतरवतात कसं मग? आमच्या काकांच्या वेळी "माशांची ॲलर्जी आहे का" असं विचारलं होतं. काका म्हणाले, रत्नागिरीत जन्मून माशांची ॲलर्जी असेल तर गावात राहू देतील का!

पंपवाला
शनिवार, रात्री ११:४४

काकांना नमस्कार. विचारलं ते बरोबरच. उतारा म्हणजे प्रोटामीन. ते मुळात सामन जातीच्या नर माशाच्या शुक्राणूंमधून मिळालं. हेपॅरिन येतं डुकराच्या आतड्यातून. शाकाहारी मंडळींनी मला हे ऑपरेशनच्या आदल्या रात्री विचारू नये एवढीच विनंती. प्रोटामीन सावकाश द्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब धाडकन उतरतो. आणि हिशोबापेक्षा जास्त झालं तर ते स्वतःच प्लेटलेट्सना सुस्त करतं. म्हणजे रक्त थांबत नाही म्हणून "अजून थोडं प्रोटामीन घाला" हा उपाय एका मर्यादेनंतर उलटा फिरतो.

मृण्मयी_ठाणे
रविवार, सकाळी ७:५०

रात्री झोप नव्हती, आता वाचलं. माझ्या वडिलांचं परवा झडप बदलणं आणि दोन बायपास असं एकत्र झालं. वय ६८. साडेतीन तास पंपावर होते म्हणे. काल सकाळी प्लेटलेट्स ९२,०००. आम्ही हबकलोच. मामेभाऊ म्हणाला लगेच एसडीपीची, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट्सची, सोय करा, त्याने रात्री दोन डोनर गाडीत घालून आणलेसुद्धा. आणि डॉक्टर म्हणतात, "देणार नाही, गरज नाही." ड्रेनमध्ये गेल्या सहा तासांत मिळून ऐंशी मिली आलंय. मग हे बरोबर की चूक? वरच्या उदाहरणात १,७०,०००ला परत उघडावं लागलं आणि इथे ९२,०००ला काहीच करायचं नाही?

डॉ. खडूस
रविवार, सकाळी ८:२०

मृण्मयी, मी हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देतो, पण तुमचा पेशंट मी पाहिलेला नाही. तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. तत्त्व तेवढं सांगतो. रक्त वाहत नसेल तर नुसता आकडा सुधारायला प्लेटलेट्स देत नाहीत. त्याही परक्याच्याच. ताप, ॲलर्जी, फुप्फुसांना सूज, क्वचित जंतुसंसर्ग, हे सगळे धोके त्यांच्याबरोबर येतात. सहा तासांत ८० मिली हे ऐकायला चांगलं आहे. पंपानंतर आकडा निम्म्यावर येणं, दोन-तीन दिवस तिथेच रेंगाळणं आणि मग आठवड्याभरात वर येणं, हा नेहमीचा रस्ता. डोनर भावांना चहा पाजा आणि घरी पाठवा. त्यांचे नंबर ठेवा.

आता पंपवाल्यांशी भांडण. शिदोरीची गोष्ट सुरेख आहे, पण अर्धी. 'पंपाने प्लेटलेट रिकामी केली' हे मत १९८०च्या सुमाराला जोरात होतं. पिशव्यांमधला माल रक्तात सापडायचा, रक्तस्रावाचा वेळ लांबलेला दिसायचा, दोन आणि दोन चार. पण १९९३ साली 'ब्लड' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात पंपावरच्या पेशंटांच्याच प्लेटलेट्स बाहेर काढून त्यांना भरपूर उत्तेजक दिलं, तर त्या बऱ्यापैकी नीट वागल्या. अंगावरचे हूकही फारसे गळलेले नव्हते. निष्कर्ष असा की खोट प्लेटलेटच्या आत कमी आणि भोवतालात जास्त आहे. हेपॅरिनने थ्रॉम्बिन बांधून ठेवलं, आणि थ्रॉम्बिन म्हणजे प्लेटलेटला उठवणारा सगळ्यांत कडक गजर. वारकऱ्याची शिदोरी शाबूत आहे हो, त्याला कोणी उठवलंच नाही.

पंपवाला
रविवार, सकाळी ९:१०

डॉक, मान्य. निम्मं मान्य. तो अभ्यास मला ठाऊक आहे, लिहिताना उपमेच्या मोहात पडलो. पण मग ऑक्सिजनेटरच्या तंतूंना चिकटलेल्या प्लेटलेट्सचं काय, आणि सकरमधून घुसळून आलेल्यांचं? मला वाटतं तीन गट असतात. काही जाग्या न झालेल्या, काही जागरण करून दमलेल्या, आणि काही कामावर न येता नळीतच राहिलेल्या. कोणता गट किती, हे पंपाचा वेळ, तापमान आणि सकर यांवर ठरतं. चाळीस मिनिटांच्या केसला तुमचं बरोबर, साडेतीन तासांच्या केसला माझं.

डॉ. खडूस
रविवार, सकाळी ९:२२

चालेल. पण तुमच्या-माझ्या भांडणाचा पेशंटला फायदा असा, की प्लेटलेटची पिशवी मागवायच्या आधी भोवताल सुधारा. अंग ३६ अंशांच्या वर आणा. प्रोटामीन पुरेसं झालं का ते एसीटीवर बघा. कॅल्शियम बघा, रक्त आंबट झालंय का बघा, हिमोग्लोबिन फार उतरलेलं नाही ना ते बघा. हिमोग्लोबिन अशासाठी की लाल पेशी प्रवाहाच्या मधून धावतात आणि प्लेटलेट्सना कडेला, भिंतीजवळ ढकलतात. लाल पेशी कमी झाल्या की प्लेटलेट्स मधेच भटकत बसतात. हे मला शिकवलं गेलं तेव्हा विश्वास बसला नव्हता.

सोलापुरी_चादर
रविवार, सकाळी १०:०२

वडिलांची अँजिओग्राफी झाली, तीन ब्लॉक निघाले, बायपास ठरली. पण आधीपासून क्लोपिडोग्रेल चालू होती म्हणून पाच दिवस थांबायला सांगितलं. भाऊ म्हणतो बिल फुगवायचा प्रकार आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. काय समजायचं?

डॉ. खडूस
रविवार, सकाळी १०:१५

भावाला सांगा, यात तरी हॉस्पिटलची चूक नाही. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटचा एक कान कायमचा बंद करते. केंद्रक नसल्यामुळे तिला तो दुरुस्त करता येत नाही, नव्या प्लेटलेट्स जन्माला यायची वाट बघणं एवढंच हातात. म्हणून तातडी नसेल तर पाच दिवस. त्याच कामाच्या दुसऱ्या गोळ्या, प्रासुग्रेलला सात, टिकाग्रेलॉरला तीन ते पाच. ॲस्पिरिन मात्र बायपासच्या पेशंटला बहुधा चालूच ठेवतात, नव्या जोडलेल्या नसा उघड्या राहाव्यात म्हणून. आणि कृपा करून यातलं काही वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. स्टेंट नुकताच बसवलेला असेल तर तो बंद पडून माणूस जाऊ शकतो.

सुमनताई
रविवार, सकाळी ११:४०

पपईच्या पानांचा रस द्यायचा का? आमच्याकडे डेंग्यूत सगळ्यांना दिला होता.

पंपवाला
रविवार, सकाळी ११:५२

ताई, नको. तुमचा डेंग्यूचा अनुभव आकड्याचा, इथली अडचण कामाची. शिवाय झडप बदललेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असते, तिच्यात कुठला पाला काय गोंधळ घालेल सांगता येत नाही. पपई खायची असेल तर पिकलेली, डॉक्टरांना विचारून, फोड करून.

शेवगा
रविवार, दुपारी १:३०

मग काम मोजायचं मशीन नाही का?

पंपवाला
रविवार, दुपारी २:१०

आहे. टीईजी, म्हणजे थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी. १९४८ साली जर्मनीत हार्टर्ट नावाच्या डॉक्टरने शोधलं आणि चाळीसेक वर्षं ते बहुतेक प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडून राहिलं. छोट्या वाटीत थोडं रक्त घेतात, त्यात सुई उभी असते, वाटी आणि सुई एकमेकांच्या तुलनेत थोडी थोडी फिरत राहतात. रक्त गोठत जाईल तशी दोघांमध्ये ओढ निर्माण होते आणि कागदावर एक आकृती उमटते, आडव्या पडलेल्या पेल्यासारखी. पेल्याचं देठ लांब निघालं तर गोठायला सुरुवातच उशिरा होतेय, म्हणजे हेपॅरिन उरलंय किंवा घटक कमी आहेत. पोट बारीक निघालं तर गुठळी कच्ची, म्हणजे प्लेटलेट्स किंवा फायब्रिनोजेन कमजोर. पोट भरून मग झपकन आटलं तर गुठळी विरघळतेय.

सोपं करून लिहिलंय. डॉक येतीलच.

डॉ. खडूस
रविवार, दुपारी २:३५

आलोच. साध्या टीईजीत क्लोपिडोग्रेल-ॲस्पिरिनचा परिणाम दिसत नाही, कारण त्यात थ्रॉम्बिनचा एवढा पूर येतो की बंद कानाची प्लेटलेटही जागी होते. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. आणि बारीक पोटाचा अर्थ लावताना आधी फायब्रिनोजेन तपासा. फायब्रिनोजेन कमी असताना प्लेटलेट्सच्या पिशव्या ओतत बसलेले मी पाहिलेत. गवंडी आणले, चुना नाही.

मशीन नसेल तिथे सर्जन काय करतो? जखमेकडे बघतो. ओल्या जागेवर गुठळी धरतेय की नुसतंच पाझरतंय. एकाच ठिकाणाहून धार येत असेल तर टाका घालायचा, मग जगातल्या सगळ्या प्लेटलेट्स दिल्या तरी उपयोग नाही. परत उघडलेल्या पेशंटांत बऱ्याच जणांना अशी एखादी जागा सापडतेच. १,७०,०००वाल्या गृहस्थांच्या बाबतीत हेही असू शकतं, हे पंपवाल्यांनी लिहायला हवं होतं.

पंपवाला
रविवार, दुपारी २:५०

हवं होतं. पहिल्या पोस्टमध्ये तो परिच्छेद राहिलाच.

कऱ्हाडकर_सध्या_टोरांटो
रविवार, संध्याकाळी ६:१५

एवढं सगळं आहे तर धडधडत्या हृदयावरच बायपास करावी. पंपच नको. भारतात तर बरेच सर्जन तसंच करतात.

डॉ. खडूस
रविवार, संध्याकाळी ६:४०

करतात, आणि चांगली करतात. पण पंप टाळला की सगळं सुटलं असं होत नाही. २०१२ साली 'कॉरोनरी' नावाची मोठी चाचणी आली. १९ देशांतले ४,७५२ पेशंट, निम्मे पंपावर, निम्मे पंपाशिवाय. पंपाशिवायच्या गटात रक्त कमी द्यावं लागलं, रक्तस्रावासाठी परत उघडायची वेळही कमी आली, म्हणजे या धाग्याच्या मुद्द्याला दुजोरा. पण ३० दिवसांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं यांच्या एकत्रित हिशोबात फरक दिसला नाही, आणि लवकरच परत नस उघडावी लागण्याचं प्रमाण पंपाशिवायच्या गटात थोडं जास्त निघालं. २००९च्या अमेरिकेतल्या 'रूबी' चाचणीत तर वर्षभराने उघड्या राहिलेल्या नसा पंपाशिवायच्या गटात कमी होत्या. हलत्या सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. ज्याचा हात बसलाय त्याने करावं. आणि हृदय उघडून झडप बदलायची असेल तर पंपाला पर्याय नाही.

शब्दवेडी
रविवार, रात्री ८:०५

अवांतर, पण राहवत नाही. पंपवाल्यांनी लिहिलंय की काही सेकंदांत प्रथिनं चटईवर बसतात. ती एकदा बसून तशीच राहत नाहीत; आधी आलेल्याला उठवून नंतरचा बसतो, एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवर दुसराच येऊन बसावा तसं. आधी मुबलक असलेली, मग जास्त घट्ट चिकटणारी. याला व्रोमन परिणाम म्हणतात, आणि लिओ व्रोमन हा डच भाषेतला नावाजलेला कवी होता! दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होता, पुढे अमेरिकेत रक्तावर संशोधन केलं, २०१४ साली वारला, जवळजवळ नव्याण्णव वर्षांचा. पृष्ठभागाला रक्त कसं स्पर्श करतं हा प्रश्न कवीलाच पडावा, यात मला नवल वाटलं नाही.

पंपवाला
रविवार, रात्री ८:३०

काय सांगता! रोज हे नाव घेतो, कवी होता हे आज कळलं.

यावरूनच आठवलं. आता नळ्यांना आतून लेप लावलेले संच मिळतात, काही हेपॅरिनचे, काही पेशींच्या आवरणासारख्या रसायनाचे. प्लेटलेट्स कमी चिकटतात हे खरं, पण महाग आहेत आणि रक्तस्रावात पडणारा फरक माफक. त्यापेक्षा प्राइम कमी करणं, म्हणजे छोट्या नळ्या आणि पेशंटच्याच रक्ताने मागून नळी भरून घेणं, हे मला जास्त फळलेलं आहे. पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं आणि लक्ष लागतं.

औषधांत ट्रानेक्झामिक ॲसिड. पाळीत जास्त रक्त जात असेल तर जी गोळी देतात तेच, इथे शिरेतून. जपानच्या ओकामोतो दांपत्याचा शोध. गुठळी विरघळू देत नाही, आणि गुठळी विरघळवणारा घटक प्लेटलेट्सनाही त्रास देत असल्याने त्यांनाही थोडं संरक्षण. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, साडेचार हजारांवर पेशंटांच्या चाचणीत रक्तस्राव कमी झाला, पण झटके, म्हणजे फिट्स, ०.१ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर गेल्या. म्हणून आता डोस हात राखून. त्याआधी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं ॲप्रोटिनिन होतं. रक्त थांबवायला झकास, पण मृत्यू वाढताहेत अशा शंकेने २००७ साली बाजारातून काढलं. युरोपात २०१२ मध्ये मर्यादित वापरासाठी परत परवानगीची शिफारस झाली. जुने सर्जन अजून उसासे टाकतात.

मृण्मयी_ठाणे
सोमवार, सकाळी ८:१५

कळवायचं होतं: बाबांचे ड्रेन काढले. प्लेटलेट्स ८८,००० आहेत आणि आज मला भीती वाटली नाही. मामेभाऊ मात्र अजून रुसलाय.

डॉ. खडूस
सोमवार, सकाळी ८:४०

छान. एक गोष्ट लक्षात ठेवा. यापुढे वर जायला लागलेला आकडा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मधे अचानक परत निम्म्यावर आला, तर तो पंपाचा परिणाम समजू नका, लगेच दाखवा. हेपॅरिनविरुद्ध शरीर कधी कधी प्रतिपिंडं बनवतं. तेव्हा प्लेटलेट्स कमी होतात पण रक्त वाहायच्या ऐवजी गुठळ्या होतात. तिथे हेपॅरिन बंद करून दुसरं औषध द्यावं लागतं, आणि प्लेटलेट्स दिल्या तर आगीत तेल. शंभरात एक-दोघांना होतं, पण चुकवून चालत नाही. घाबरवायला नाही सांगत. डिस्चार्जनंतरची रक्ततपासणी टाळू नका म्हणून सांगतोय.

शेवगा
सोमवार, सकाळी ९:३०

त्या परत पाठवलेल्या डोनर भावांवरून सुचलं. प्लेटलेट्स द्यायच्या तर शिबिरात देता येतात का?

पंपवाला
सोमवार, सकाळी ९:५०

शिबिरात तुम्ही पूर्ण रक्त देता, त्यातून नंतर एक छोटी पिशवी निघते. एसडीपी द्यायला रक्तपेढीतच जावं लागतं. मशीन रक्त काढतं, प्लेटलेट्स वेगळ्या करतं, बाकीचं परत देतं, तास-दीड तास. थोडक्यात तुम्हीही एका छोट्या पंपावरच जाता. फक्त तिथे हेपॅरिनऐवजी सायट्रेट असतं, त्यामुळे ओठांना मुंग्या आल्या तर घाबरू नका, सिस्टरला सांगा. आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन नको, दोन्ही दंडांच्या शिरा चांगल्या हव्यात. ही पिशवी फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, २०-२४ अंशांवर सतत हलवत ठेवतात आणि पाच दिवसांत वापरावी लागते. त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात, सगळे गावी गेले की, आमचे हाल होतात.

शेवगा
सोमवार, सकाळी १०:०५

येत्या रविवारी जातो. तीन दिवस डोकेदुखीची गोळी घ्यायची नाही, म्हणजे गुरुवारची ऑफिस मीटिंग कोरड्या डोक्याने.

पंपवाला
सोमवार, सकाळी १०:०८

शिरा दाखवून या, मग वचन द्या. मला थिएटरातून फोन आलाय, राहिलेल्यांना रात्री उत्तर देतो.